‘गेलो होतो’ आणि ‘वेन्ट’ : रोजच्या सवयी, भूतकाळ आणि आपल्या मुलांचं इंग्रजी

“काल कुठे गेला होतास?” असं घरात विचारलं की मूल सांगतं, “गोंदियाला गेलो होतो.” मराठी अगदी बिनचूक. हेच मूल इंग्रजीच्या तासाला म्हणतं, ‘यस्टरडे आय हॅड गॉन टू गोंदिया,’ आणि वहीत लाल शाई उमटते. तिथे ‘आय वेन्ट’ हवं असतं. गंमत म्हणजे ‘गो, वेन्ट, गॉन’ त्याला पाठ असतं. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. मग चूक होते कुठे?

मंडळातल्या पालकांशी हा विषय निघाला की बहुतेकांचं म्हणणं एकच असतं : “घरी मराठी, शाळेत हिंदी, शेजारीपाजारी पोवारी, त्यात आता इंग्रजी. पोरगं गोंधळणार नाही तर काय?” त्यावरचा उपायही ठरलेला असतो, घरातली मराठी कमी करायची. काही घरांत आईबाबा मुलांशी मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलू लागले आहेत, आणि नातवाशी बोलायला आजीला हिंदीचा आधार घ्यावा लागतो. इतकी वर्षं इंग्रजी शिकवून माझं मत मात्र याच्या उलट झालं आहे. ‘रोजच्या सवयी’ आणि ‘भूतकाळ’ हे दोन पाठ इंग्रजीच्या वर्गात मुलांचा शेवटपर्यंत पिच्छा पुरवतात, आणि नेमक्या याच दोन बाबतींत मराठी फार बारकाईने बोलते. मुलाच्या बऱ्याचशा चुका तो बारकावा जसाच्या तसा इंग्रजीत न्यायच्या खटपटीत होतात. हे पालकांना कळलं तर घरच्या घरी, भाजी निवडताना, चुका सुधारता येतात. त्यासाठी मराठी कमी करायला नको. उलट ती चांगली यायला हवी. ते कसं, हे उदाहरणं घेऊन पाहू.

गेला आणि गेला होता

आधी वरचंच वाक्य. “बाबा गोंदियाला गेले,” असं कुणी म्हटलं तर ऐकणाऱ्याला काय वाटतं? बाबा घरी नाहीत, गोंदियालाच आहेत. “बाबा गोंदियाला गेले होते,” म्हटलं की ते जाऊन परत आले, ती गोष्ट संपली. म्हणजे मराठीत ‘होते’ हा शब्द एक मोठं काम करतो : काम झालं, मिटलं, आता ती स्थिती उरली नाही. हिंदीतही ‘गया’ आणि ‘गया था’ यांत हाच फरक आहे. आपल्या बालाघाटच्या मुलाच्या दोन्ही भाषा त्याला एकाच बाजूला ढकलतात. म्हणून इंग्रजी बोलताना तो ‘होतो’साठी शब्द शोधतो, त्याला ‘हॅड’ सापडतो, आणि ‘हॅड गॉन’ तयार होतं. हे मूल आळशी नाही की ढ नाही. अर्थ सांडू नये म्हणून ते धडपडत असतं.

इंग्रजीचा हिशेब वेगळा आहे. ‘काल’, ‘गेल्या रविवारी’, ‘दोन दिवसांपूर्वी’ असा काळ एकदा सांगितला की तिथे साधं ‘वेन्ट’ पुरतं. परत आला की नाही, याची त्या क्रियापदाला फिकीर नसते. ‘हॅड’ लागतो तो भूतकाळातल्या दोन गोष्टींपैकी आधी कोणती झाली हे सांगायचं असेल तेव्हा. “मी स्टेशनवर पोचलो तेव्हा गाडी निघून गेली होती” : ‘व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट.’ गाडी आधी, मी नंतर. मुलाला एवढाच प्रश्न विचारावा : “कशाच्या आधी?” उत्तर देता आलं तर ‘हॅड’ ठेव, नाहीतर काढून टाक. ‘यस्टरडे आय हॅड गॉन टू गोंदिया.’ कशाच्या आधी? कशाच्याच नाही. मग ‘आय वेन्ट’. ही एक युक्ती दहावीच्या मुलांनाही पुरते.

याचीच धाकटी बहीण म्हणजे ‘आय हॅव सीन हिम यस्टरडे’. ही ‘मी त्याला काल पाहिलंय’वरून येते. इंग्रजीत ‘हॅव’ आणि ‘काल’ एका वाक्यात नांदत नाहीत. ‘काल’ असेल तर ‘सॉ’.

जाता जाता एक गोष्ट. हिंदीत ‘कल’ म्हणजे कालही आणि उद्याही. कुठला ते क्रियापदावरून ओळखायचं. मराठीत काल आणि उद्या वेगळे, इंग्रजीतही वेगळे. त्यामुळे ‘यस्टरडे’ आणि ‘टुमॉरो’ ज्या मुलांना उलटसुलट होतात, त्यांना मराठीतून सांगितलं की लगेच समजतं. अर्थात ‘परवा’च्या बाबतीत आपणही हिंदीइतकेच मोघम आहोत!

‘असतो’ची जागा

आता रोजच्या सवयी. ‘माय डेली रुटीन’ हा निबंध आपल्या सगळ्यांनीच कधी ना कधी लिहिला आहे. त्यात हमखास दिसणारी वाक्यं अशी : ‘आय ॲम गेटिंग अप ॲट सिक्स डेली. आय ॲम गोइंग टू स्कूल बाय सायकल.’ सांगायची सवय आणि वापरलं आत्ता चालू असलेल्या कामाचं रूप. याचं एक कारण म्हणजे लहान वर्गात चित्रावर बोट ठेवून ‘ही इज ईटिंग, शी इज रनिंग’ असं इतकं घोकून घेतलं जातं की ‘इंग’ जिभेवर बसून जातं. दुसरं कारण आपल्या मराठीत आहे, आणि त्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही.

शाळेच्या मराठी व्याकरणात ‘रीती वर्तमानकाळ’ नावाचा एक काळ शिकवतात : ‘मी रोज वाचत असतो’, ‘ती देवळात जात असते’. रीत म्हणजे पद्धत, नेहमीचा क्रम. याच्या शेजारी ‘मी वाचत आहे’ ठेवून पाहा. ‘आहे’ म्हणजे आत्ता, या क्षणी. ‘असतो’ म्हणजे नेहमी, नियमाने. “आज ऊन आहे” आणि “मे महिन्यात ऊन असतं” यातला फरक पाच वर्षांच्या मुलालाही न शिकवता कळतो. इंग्रजीजवळ ‘आहे’ आणि ‘असतो’ यांच्यासाठी दोन वेगळे शब्द नाहीत, दोन्हींना ‘इज’. मग मूल ‘वाचत असतो’चं शब्दाला शब्द करतं : वाचत म्हणजे ‘रीडिंग’, असतो म्हणजे ‘ॲम’. झालं ‘आय ॲम रीडिंग डेली’.

यावर नियम सोपा आहे आणि तो मराठीतूनच सांगता येतो. मराठीत जिथे ‘त असतो, त असते’ म्हणता येतं तिथे इंग्रजीत साधं क्रियापद : ‘आय रीड एव्हरी डे.’ जिथे ‘त आहे’ म्हणावं लागतं तिथे ‘इंग’ : ‘आय ॲम रीडिंग नाऊ, डोन्ट डिस्टर्ब मी.’ मुलाने आधी मनात मराठी वाक्य धरावं, ‘आहे’ की ‘असतो’ ते ठरवावं, मग इंग्रजी बोलावं. सुरुवातीला वेळ लागतो. महिन्याभरात तो टप्पा आपोआप गळून पडतो. पण ज्याला ‘आहे’ आणि ‘असतो’ यांतला फरकच अंगवळणी पडलेला नाही, त्याच्याशी हे बोलता येत नाही. त्याला ‘सिम्पल प्रेझेन्ट’ आणि ‘प्रेझेन्ट कन्टिन्युअस’च्या व्याख्या पाठ कराव्या लागतात, आणि व्याख्या परीक्षेनंतर टिकत नाहीत.

उलट्या बाजूची चूकही होते. आपण दारातून निघताना “थांब, मी येतो,” म्हणतो. हे ‘येतो’ सवयीचं नाही, आत्ताचं आहे. मूल म्हणतं ‘वेट, आय कम’. तिथे मात्र ‘आय ॲम कमिंग’ हवं. ‘मी सहाला उठतो’ आणि ‘मी येतो’ यांत रूप एकच आहे, काम दोन आहेत, हे एकदा दाखवून द्यावं.

सवयीच्या पाठात आणखी एक खिळा असतो, तो म्हणजे शेवटचा ‘स’. ‘आय गेट अप’, पण ‘माय मदर गेट्स अप’. मराठीत क्रियापद सगळ्यांसाठीच बदलतं : मी उठतो, तू उठतोस, ती उठते, ते उठतात. पुरुष बदलतो, लिंग बदलतं, वचन बदलतं. इंग्रजीने हे सगळं टाकून एक ‘स’ तेवढा ठेवला. इतकं कमी असूनही तो विसरला जातो, कारण मुलाला निबंध नेहमी स्वतःबद्दलच लिहायला सांगतात. ‘आय’, ‘आय’, ‘आय’. ‘स’ वापरायची वेळच येत नाही. म्हणून घरी सराव घेताना मुलाला स्वतःचा दिनक्रम विचारू नये, आजीचा विचारावा. आजी पाचला उठते, तुळशीला पाणी घालते, चहा करते, पेपर वाचते, दुपारी झोपते : ‘ग्रँडमदर गेट्स अप ॲट फाइव्ह, वॉटर्स द तुलसी, मेक्स टी, रीड्स द न्यूजपेपर, स्लीप्स इन द आफ्टरनून.’ पाच वाक्यांत पाच वेळा ‘स’. शिवाय आजी खरंच काय काय करते, हे त्या निमित्ताने नातवाच्या लक्षात येतं.

खूण एकदाच

‘डिड यू वेन्ट?’ आणि ‘आय डिडन्ट वेन्ट’ ही जोडी प्रत्येक वर्गात भेटते. मराठीत प्रश्न करणं फार सोपं आहे : ‘तू गेलास’ला ‘का’ जोडला की ‘तू गेलास का?’ झालं. नकारही तसाच, ‘गेलो नाही’. क्रियापदाला हात लावावा लागत नाही. इंग्रजीत प्रश्न आणि नकार यांसाठी ‘डू’ला बोलवावं लागतं, आणि तो आला की काळाची खूण स्वतःकडे घेतो. भूतकाळाची खूण ‘डिड’ने घेतली, म्हणून ‘गो’ मोकळा : ‘डिड यू गो?’, ‘आय डिडन्ट गो.’ सवयीच्या वाक्यातही हेच होतं. ‘शी गोज’ मधला ‘स’ ‘डझ’ उचलतो आणि ‘डझ शी गो?’ होतं. एका क्रियेवर खूण एकदाच, असं मुलांना सांगावं. दोन गाठी मारल्या तर सोडवताना पंचाईत होते, असं म्हटलं की हसतात आणि लक्षात ठेवतात.

भूतकाळात एक गोष्ट मात्र इंग्रजीत आपल्यापेक्षा कितीतरी सोपी आहे, आणि ती आपण मुलांना सांगत नाही. मराठीत ‘मी आंबा खाल्ला, मी भाकरी खाल्ली, मी आंबे खाल्ले, मी जांभळं खाल्ली’. खाणारा एकच, पण जे खाल्लं त्याच्याप्रमाणे क्रियापद बदलतं. ‘मी’ ऐवजी ‘त्याने’ आणा, तरी ठरवणार आंबाच. इंग्रजीत हे काही नाही. आय एट, शी एट, दे एट. आंबा असो की भाकरी, ‘एट’. मराठीतली ही कसरत जो मुलगा तिसऱ्या वर्षापासून बिनचूक करतो, त्याला इंग्रजीचा भूतकाळ कठीण वाटायचं कारण नाही. कठीण जातात ती फक्त रूपं.

रूपं कशी बसतात

अनियमित क्रियापदांची यादी अकारविल्हे पाठ करून घ्यायची पद्धत अजून चालू आहे. ‘अराइज, अरोज, अरिझन’ पासून सुरुवात. मला ती कधीच आवडली नाही. चौथीतलं मूल ‘अराइज’ कधी वापरणार आहे?

इंग्रजीत सर्वांत जास्त वापरली जाणारी क्रियापदं पाहिली तर बी, हॅव, डू, से, गो, गेट, मेक, नो, टेक, सी ही सगळीच्या सगळी अनियमित आहेत. हा योगायोग नाही. जे शब्द रोज, दिवसातून शंभर वेळा तोंडात येतात त्यांची जुनी वेडीवाकडी रूपं टिकून राहतात, कारण प्रत्येक पिढी ती ऐकूनच शिकते. क्वचित वापरातले शब्द हळूहळू नियमात येतात. आपल्याकडेही तेच आहे. ‘बस-बसला’, ‘पड-पडला’ नियमित. पण जा-गेला, ये-आला, कर-केला, हो-झाला, दे-दिला, खा-खाल्ला, पी-प्यायला, घे-घेतला, सांग-सांगितलं, धू-धुतलं? रोजचीच क्रियापदं आणि सगळी वाकडी. ‘जा’ आणि ‘गेला’ यांचा तर एकमेकांशी आवाजाचाही संबंध नाही; ‘गेला’ संस्कृत ‘गत’वरून आला, ‘जा’ ‘या’ धातूवरून. इंग्रजीत ‘वेन्ट’चीही हीच कथा आहे : ते मुळात ‘वेन्ड’ नावाच्या दुसऱ्याच क्रियापदाचं रूप, ‘गो’च्या घरी येऊन राहिलं. दोन भाषांत जाण्याच्याच क्रियापदावर ही वेळ यावी, हे मुलांना फार मजेशीर वाटतं.

मुलं नियम कसे पकडतात, याचा एक सुंदर प्रयोग अमेरिकेत जीन बर्को या संशोधक बाईंनी केला. १९५८ साली तो प्रसिद्ध झाला. चार ते सात वर्षांच्या मुलांना चित्रं दाखवून त्यांनी इंग्रजीत अस्तित्वातच नसलेले शब्द सांगितले. या माणसाला ‘रिक’ करता येतं, कालही त्याने तेच केलं. काल त्याने काय केलं? मुलं म्हणाली ‘रिक्ट’. हा शब्द त्यांनी कुठे ऐकलेला असणं शक्यच नव्हतं. म्हणजे मूल पोपटासारखं शब्द साठवत नाही, नियम काढतं. आपल्या घरातलं अडीच वर्षांचं पोर ‘मी केलं’ऐवजी ‘मी करलं’ म्हणतं तेव्हा तेही हेच करत असतं. आपण रागावत नाही. “केलं का? शाब्बास!” म्हणतो, आणि बरोबर रूप त्याच्या कानावर पडतं. इंग्रजीत मूल ‘गोएड’ किंवा ‘ईटेड’ म्हणालं तर हीच रीत वापरावी : “ओ, यू एट इट? व्हॉट एल्स डिड यू ईट?” तेवढ्याने सुधारणा होते आणि बोलणं थांबत नाही.

यादी हवीच असेल तर ती दिवसाच्या क्रमाने करावी. वोक, गॉट अप, ड्रँक, एट, वेन्ट, सॅट, रेड, रोट, सेड, टोल्ड, सॉ, केम, गेव्ह, टुक, बॉट, ब्रॉट, मेड, डिड, हॅड, स्लेप्ट. वीस झाली. सकाळपासून रात्रीपर्यंत चौथीतल्या मुलाचा जवळजवळ सगळा दिवस यात बसतो. ‘रीड’चा भूतकाळ लिहायला तसाच आणि वाचायला ‘रेड’, हे तेवढं वेगळं सांगावं लागतं; ‘पुट’ आणि ‘कट’ मात्र कुठेच बदलत नाहीत.

नियमित क्रियापदांत अडचण असते ती उच्चाराची. मुलं ‘कुकेड’, ‘वॉशेड’ म्हणतात, कारण स्पेलिंगमध्ये ‘ई’ आणि ‘डी’ दिसतात. प्रत्यक्षात उच्चार तीन आहेत : ‘कुक्ट’, ‘क्लीन्ड’, ‘वॉन्टिड’. कुठे कोणता, हे इंग्रजी पुस्तकात बरंच क्लिष्ट करून दिलेलं असतं. मराठी व्याकरण शिकलेल्याला मात्र ते आधीच येतं. कठोर आणि मृदू व्यंजनं आठवतात? क, च, ट, प, श, स कठोर. ग, ज, ड, ब मृदू. क्रियापदाच्या शेवटी कठोर आवाज असेल तर शेवटी ‘ट’ : कुक्ट, वॉश्ट, हेल्प्ट, वॉच्ट, लाफ्ट. मृदू आवाज किंवा स्वर असेल तर ‘ड’ : क्लीन्ड, प्लेड, ओपन्ड. आणि मुळातच शेवटी ट किंवा ड असेल तर ‘इड’ : वॉन्टिड, नीडिड, वेटिड. कठोर-मृदूची विभागणी आपल्या वर्णमालेतच रचलेली आहे. इंग्रजी वर्णमालेत एबीसीच्या क्रमाला असा काही अर्थ नाही. देवनागरी येणाऱ्या मुलाचा हा फायदा त्याच्या हातून घालवायचा कशाला?

जायचो, जात असे, जाई

आता सवय आणि भूतकाळ जिथे एकत्र येतात ती जागा. ‘रीती वर्तमानकाळा’सारखाच मराठीत ‘रीती भूतकाळ’ आहे : मी जात असे. बोलताना आपण ‘जायचो’ म्हणतो, जुन्या गोष्टींत ‘जाई, करी, बसे’ अशी रूपं येतात. अर्थ एकच : तेव्हा नेहमी व्हायचं, आता होत नाही. इंग्रजीत याला ‘यूस्ट टू’ आहे.

आपल्याकडे याचं सर्वांत चांगलं उदाहरण म्हणजे छोटी लाइन. गोंदिया ते बालाघाट, नैनपूर आणि पुढे जबलपूर अशी नॅरोगेजची गाडी कितीतरी पिढ्यांनी वापरली. आता तिथे ब्रॉडगेज आहे. “आम्ही छोट्या गाडीने नैनपूरला जायचो” : ‘वी यूस्ट टू गो टू नैनपूर बाय द नॅरोगेज ट्रेन.’ “एकदा आम्ही छोट्या गाडीने गेलो आणि रस्त्यात इंजिन बंद पडलं” : ‘वन्स वी वेन्ट बाय द नॅरोगेज ट्रेन अँड द एंजिन स्टॉप्ट ऑन द वे.’ पहिलं रीत आहे, दुसरं एकदाच घडलेलं. मराठीत ‘जायचो’ आणि ‘गेलो’ कुणी एकमेकांच्या जागी वापरत नाही. इंग्रजीतही वापरू नये.

हिंदीच्या छायेत वाढणारी मुलं मात्र ‘जाता था’वरून मराठीतही सर्रास ‘जात होतो’ म्हणू लागली आहेत, आणि तेच पुढे ‘आय वॉज गोइंग टू स्कूल बाय सायकल’ होतं. इंग्रजीत त्याचा अर्थ ‘सायकलवर चाललो होतो’ असा होतो, आणि ऐकणारा पुढे काय झालं याची वाट पाहत राहतो. पडलास का? कुणी भेटलं का? ‘जायचो’ हे रूप घरात जिवंत असेल तर ही चूक होत नाही.

‘यूस्ट टू’च्या बाबतीत दोन सावधगिरीच्या गोष्टी. ‘आय यूज टू गो डेली’ असं सध्याच्या सवयीसाठी म्हणू नये. सध्याच्या सवयीला साधं ‘आय गो’ पुरतं. आणि ‘आय ॲम यूस्ट टू गेटिंग अप अर्ली’ हे वेगळंच प्रकरण आहे : ‘मला लवकर उठायची सवय आहे.’ मधल्या एका ‘ॲम’ने अर्थ बदलतो.

रीती भूतकाळ सर्वांत जास्त भेटतो तो गोष्टीत. कुठलीही लोककथा घ्या. एक म्हातारी होती, ती रोज रानात जायची, लाकडं गोळा करायची. मग येतं ‘एके दिवशी’, आणि तिथून क्रियापदं बदलतात : गेली, पाहिलं, म्हणाली, पळाली. आधी रीत, मग घटना. इंग्रजी गोष्टीतही हीच घडण : ‘एव्हरी डे शी यूस्ट टू…’ आणि मग ‘वन डे शी वेन्ट…’. ज्या मुलाने झोपताना आजीकडून शंभर गोष्टी ऐकल्या आहेत त्याच्या डोक्यात हा साचा पक्का असतो. त्याला इंग्रजी शब्द तेवढे भरायचे असतात.

आपल्या घरांचा इतिहास आणि एक गृहपाठ

१९५६ पर्यंत बालाघाट आणि भंडारा एकाच राज्यात होते, आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ ला भंडारा मुंबई राज्यात गेला, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. नातीगोती वैनगंगेच्या खोऱ्यात दोन्हीकडे पसरलेली, शाळेची भाषा मात्र वेगळी झाली. त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीने घटनेत कलम ३५० क आलं. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक पातळीवर मातृभाषेतून शिक्षणाची सोय व्हावी, असं ते सांगतं. प्रत्यक्षात आपल्या मुलांचा मराठीशी संबंध घरापुरता आणि मंडळापुरता उरला आहे. म्हणूनच घरातली मराठी इंग्रजीच्या धास्तीने कमी करणं मला परवडणारं वाटत नाही. जुन्या पिढीतल्या कितीतरी लोकांनी तर इंग्रजी मराठीतूनच शिकलं. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आजही काही घरांच्या कपाटात सापडेल. नुसत्या भाषांतराने बोलता येत नाही, हे खरं. पण दोन भाषा शेजारी ठेवून पाहायची त्यांची सवय चांगली होती.

सरावासाठी एक वही करावी. डाव्या पानावर रीत, उजव्या पानावर काल. डावीकडे : ‘आय युजुअली गेट अप ॲट सिक्स.’ उजवीकडे : ‘यस्टरडे आय गॉट अप ॲट एट बिकॉज इट वॉज संडे.’ रोज दोनच ओळी. दोन्ही पानांवर एकच क्रियापद दोन रूपांत येतं, त्यामुळे वेगळी यादी पाठ करावी लागत नाही. ‘ऑलवेज, युजुअली, समटाइम्स, नेव्हर’ हे शब्द क्रियापदाच्या आधी येतात, एवढं पहिल्या दिवशी दाखवून द्यावं.

आठवड्यातून एकदा, रविवारी, मुलाने आजी किंवा आजोबांना मराठीत प्रश्न विचारावेत. “आजी, तू लहान होतीस तेव्हा पाणी कुठून आणायचीस?” “शाळेत कशी जायचीस?” “रोवणीच्या दिवसांत काय करायचात?” उत्तरं मराठीतच ऐकावीत आणि मग वहीत इंग्रजीत पाच-सहा ओळी लिहाव्यात. आजीला इंग्रजी येत नाही याने काही अडत नाही. ‘आणायचे’ आणि ‘आणलं’ यांतला फरक ती देते, ‘यूस्ट टू ब्रिंग’ आणि ‘ब्रॉट’ मुलाने शोधायचं. आजी नागपूरला किंवा भंडाऱ्याला असेल तर फोनवर विचारावं. एखादं पान साधारण असं होईल :

‘माय ग्रँडमदर लिव्ह्ड इन अ व्हिलेज निअर वारासिवनी. शी यूस्ट टू ब्रिंग वॉटर फ्रॉम द वेल. हर फॅमिली यूस्ट टू ग्रो चिन्नोर राइस. शी डिडन्ट गो टू स्कूल इन द रेन्स, बिकॉज देअर वॉज नो ब्रिज. वन डे शी क्रॉस्ट द रिव्हर अँड लॉस्ट हर स्लेट. हर फादर बॉट हर अ न्यू वन.’

या सहा ओळींत रीती भूतकाळ आहे, साधा भूतकाळ आहे, ‘डिडन्ट’नंतरचा मोकळा ‘गो’ आहे आणि ‘क्रॉस्ट’मधला ‘ट’ही आहे. ‘हॅड’ एकदाही आलेला नाही. आला असेल तर मुलाला विचारा, कशाच्या आधी?